तीनशे अकरा रुग्ण, एक पूर्वज

१९३५ साली जोसेफ शेल्डन या इंग्लिश डॉक्टरांचं ‘हीमोक्रोमॅटोसिस’ नावाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. शेल्डन लंडनच्या एखाद्या नामांकित रुग्णालयात नव्हते. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या यांच्या टापूतल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी ते रुग्ण तपासत. शरीरात लोह साठत जाऊन यकृत, स्वादुपिंड आणि हृदय निकामी करणाऱ्या आजाराबद्दल तोवर जगभरात जे काही छापून आलं होतं, ते सगळं त्यांनी चाळून काढलं. खात्रीने याच आजाराचे म्हणता येतील असे रुग्ण भरले ३११. सत्तर वर्षांच्या वैद्यकीय लिखाणात अवघे ३११!

आज एकट्या आयर्लंडमध्ये दर ८३ माणसांमागे एकजण या आजाराची जनुकीय तयारी घेऊन जन्माला येतो. मधल्या काळात आजार वाढलेला नाही. वाढली ती आपली नजर, आणि तिची वाढही सरळ रेषेत झाली नाही.

सुरुवात पॅरिसची. १८६५ मध्ये आर्मां त्रुसो यांनी मधुमेहाचा एक वेगळाच रुग्ण नोंदवला. त्याचं यकृत कठीण झालं होतं आणि कातडीवर कांस्यासारखी झाक आली होती. १८७१ मध्ये त्रुआझिए आणि १८८२ मध्ये आनो व शोफार यांनी असेच रुग्ण पाहिले, आणि ‘कांस्य मधुमेह’ हे नाव रूढ झालं. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गचे विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेकलिंगहाउझेन यांनी अवयवांमधला तो गंजकट रंग लोहाचा असल्याचं सांगून आजाराला आजचं नाव दिलं. पण या सर्वांची माहिती मुख्यतः शवविच्छेदनाच्या टेबलावरची होती. ज्याचं यकृत, स्वादुपिंड आणि कातडी अशा तिन्ही ठिकाणी लोह ठासून भरलंय, तोच रुग्ण. त्याच्या अलीकडच्या पायरीवरचा माणूस थकवा आणि सांधेदुखी घेऊन डॉक्टरकडे आला, तर त्याला संधिवाताचं औषध मिळे.

शेल्डन यांचं मोठेपण केवळ गोळाबेरजेत नाही. दारू, तांबं, जंतू, मधुमेह अशी जी कारणं पुढे केली जात होती, ती त्यांनी एकेक करून तपासली आणि बाजूला सारली. लोह शरीरात शिरतं तिथेच बिघाड आहे आणि तो जन्मजात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जनुक म्हणजे रासायनिकदृष्ट्या काय हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. दोनच वर्षांनी मॅककॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी दाखवलं, की जादा झालेलं लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाहीच. रोज एक-दोन मिलिग्रॅम आत, तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर; सगळा हिशेब आतड्याच्या दारावर सांभाळायचा. निरोगी माणसात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं. दार थोडंसं जरी किलकिलं राहिलं, तरी चाळीस-पन्नास वर्षांत हा साठा वीस ग्रॅमच्याही वर जातो. बायकांमध्ये हा आजार उशिरा आणि कमी का दिसतो, त्याचं उत्तरही यातच आहे. मासिक पाळी आणि बाळंतपणं यांतून त्यांचं लोह जात राहतं.

शेल्डन यांचं म्हणणं लगेच मान्य झालं नाही. बोस्टनमध्ये मॅलरी यांनी आधी तांब्याला दोष दिला होता. पुढे १९६०च्या दशकात त्याच शहरातले मॅकडोनाल्ड ठामपणे सांगत राहिले, की हे सगळं दारू आणि आहारातल्या लोहाचं फळ आहे. त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. दारूमुळे यकृताचं नुकसान वाढतं हे खरंच आहे. पण घराण्यांमधून उतरत जाणारा आजार तेवढ्याने उलगडत नव्हता.

उपचार मात्र वाद मिटण्याआधीच सापडला होता, आणि तो फार जुना निघाला. १९५०च्या सुमारास अमेरिकी डॉक्टर या रुग्णांचं रक्त नियमितपणे काढून टाकू लागले. अर्धा लिटर रक्तात दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं. दर आठवड्याला तेवढं रक्त काढलं, की नवं रक्त बनवण्यासाठी शरीर साठ्यातलं लोह वापरतं. १९७६ मध्ये लंडनच्या बॉमफर्ड आणि विल्यम्स यांनी आकडे मांडले. उपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ६६ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी १८ टक्के. १९८५ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका अभ्यासाने पुढची गोष्ट दाखवली: यकृत कायमचं बिघडण्याआधी निदान झालं, तर रुग्ण इतरांइतकाच जगतो. एवढा सोपा, स्वस्त आणि खात्रीचा इलाज असलेले आनुवंशिक आजार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. म्हणून तर रुग्ण वेळेत ओळखण्याची धडपड इतकी तीव्र झाली.

ती धडपड ब्रिटनी प्रांतात सुरू झाली. फ्रान्सच्या वायव्य टोकाला, अटलांटिकमध्ये घुसलेला हा प्रदेश. रेन शहरातले डॉक्टर मार्सेल सिमों यांच्याकडे हे दुर्मिळ म्हटले जाणारे रुग्ण सारखे येत. अवयव रोपणासाठी पेशींवरच्या एचएलए या खुणा तपासण्याचं तंत्र तेव्हा नवीन होतं. सिमों यांनी आपल्या रुग्णांच्या खुणा तपासल्या. ए३ नावाची खूण ब्रिटनीतल्या साधारण एक चतुर्थांश लोकांत सापडते. त्यांच्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांत ती होती. हे १९७५-७६ मधलं काम. १९७७ पर्यंत त्यांनी कुटुंबांच्या तपासणीतून सिद्ध केलं, की बिघाड सहाव्या गुणसूत्रावर एचएलएच्या शेजारी आहे, आणि आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. दारूचा वाद इथे संपला. रुग्णाच्या भावंडांपैकी कुणाला धोका आहे, हे एका रक्त तपासणीने लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी कळू लागलं.

यानंतर एप्रिल १९७८ मध्ये जे घडलं, त्याची आठवण वैद्यकाच्या इतिहासात जेवढी ठेवायला हवी तेवढी ठेवली गेली नाही, असं मला वाटतं. सॉल्ट लेक सिटीच्या वरच्या डोंगरात अल्टा नावाचं स्कीइंगचं गाव आहे. युटा विद्यापीठाच्या जनुकशास्त्र विभागाची वार्षिक बैठक तिथे भरली होती. युटामध्ये मॉर्मन पंथीयांनी आपल्या घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्पिढ्या जपलेल्या आहेत. मार्क स्कोल्निक आणि त्यांचे सहकारी त्या वंशावळींना आजारांच्या नोंदी जोडत होते, आणि जेम्स कुशनर यांच्या गटाकडे लोहसाठ्याचे रुग्ण होते. केरी क्रॅविट्झ या विद्यार्थ्याने त्या दिवशी या आजाराचं काम मांडलं: एचएलएची खूण हाताशी असेल, तर मोठ्या घराण्यात कुणाकडे बिघडलेलं जनुक आहे ते ओळखता येतं, जनुक स्वतः दिसत नसलं तरीही. बाहेरून आलेले पाहुणे होते एमआयटीचे डेव्हिड बॉटस्टीन आणि स्टॅनफर्डचे रोनाल्ड डेव्हिस. दोघेही यीस्ट आणि जिवाणूंच्या डीएनएवर काम करणारे. चर्चा रंगली आणि बॉटस्टीन यांच्या डोक्यात आलं, की खूण एचएलएसारखी ठळक असायलाच हवी असं कुठे आहे? माणसामाणसांच्या डीएनएत हजारो ठिकाणी बारीक फरक असतात. विशिष्ट विकरांनी डीएनए कापला, की ते फरक तुकड्यांच्या लांबीत दिसतात. अशा खुणा सगळ्या गुणसूत्रांवर पेरून ठेवल्या, तर कुठल्याही आनुवंशिक आजाराचा माग काढता येईल.

बॉटस्टीन, व्हाइट, स्कोल्निक आणि डेव्हिस यांचा लेख १९८० मध्ये आला. तीनच वर्षांत हंटिंग्टनच्या आजाराचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं याच पद्धतीने कळलं. मानवी जनुकांचा पहिला नकाशा याच खुणांवर उभा राहिला. म्हणजे लोहाच्या एका उपेक्षित आजाराने साऱ्या मानवी जनुकशास्त्राला वाट दाखवली, आणि त्याचं स्वतःचं जनुक मात्र अल्टाच्या बैठकीनंतर अठरा वर्षांनी सापडायचं होतं.

युटाच्याच गटाने मोजणीचं चित्रही पालटलं. १९८८ मध्ये त्यांनी ११,०६५ रक्तदात्यांच्या रक्तातलं लोह तपासलं. हे सगळे चालते-फिरते, स्वतःला ठणठणीत समजणारे लोक होते. त्यांतून हिशेब निघाला, की हजारी चार-पाच जणांकडे बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती असाव्यात. शेल्डन यांना अख्ख्या जगातून ३११ मिळाले होते. इथे एका राज्याच्या रक्तपेढीत डझनांनी निघण्याची लक्षणं होती.

जनुक का सापडत नव्हतं? सगळे जण एचएलए-ए या जागेच्या अगदी आसपास खणत होते, म्हणून. अनेक प्रयोगशाळांची वर्षं त्यात गेली. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या मर्केटर जेनेटिक्स या छोट्या कंपनीने पल्ला वाढवला. रुग्णांच्या गुणसूत्रांत कुठला तुकडा सगळ्यांत सारखा आहे, हे पाहत ते पुढे सरकत गेले, आणि एचएलए-ए पासून तीस लाखांहून अधिक अक्षरं दूर त्यांना हवं ते मिळालं. ऑगस्ट १९९६ मध्ये जॉन फेडर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. १७८ रुग्णांपैकी १४८ जणांत एकच बदल, आणि तोही दोन्ही प्रतींत: जनुकाच्या ८४५व्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’. त्यामुळे प्रथिनातल्या २८२व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन येतं. या बदलाला सी२८२वाय म्हणतात. एच६३डी नावाचा दुसरा, बराच सौम्य बदलही त्याच वेळी नोंदला गेला. जनुकाला पुढे एचएफई हे नाव मिळालं.

या शोधाचा एक धागा पोर्तुगालमधून येतो. मारिया दि सूसा या रोगप्रतिकारशास्त्राच्या संशोधक. लसिका पेशींचा लोहाशी काहीतरी संबंध आहे, असं त्या १९७०च्या दशकापासून सांगत होत्या, आणि फारसं कुणी ऐकत नव्हतं. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन नसलेल्या उंदरांच्या यकृतात लोह साठतं. हे प्रथिन एचएलएच्या घराण्यातल्या प्रथिनांना पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचवणारा जोडीदार आहे. दोन वर्षांनी एचएफई सापडलं, ते याच घराण्यातलं निघालं. सी२८२वाय या बदलामुळे त्या प्रथिनाची घडी मोडते, त्याला हा जोडीदार धरता येत नाही आणि ते पेशीच्या आतच अडकून पडतं. दि सूसा यांच्या उंदरांनी उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने त्यांचं निधन झालं.

मग दाराचा पहारेकरीही सापडला. पॅरिसमध्ये सोफी व्होलों यांचा गट साखरेच्या चयापचयावर काम करत असताना त्यांच्या उंदरांत अचानक लोह साठू लागलं. २००१ मध्ये कारण कळलं: यकृतात बनणारा हेप्सिडिन हा छोटासा संप्रेरक त्या उंदरांत तयारच होत नव्हता. लोह पुरेसं झालं की यकृत हेप्सिडिन सोडतं आणि ते आतड्यातून लोह रक्तात सोडणारं फेरोपोर्टिन नावाचं दार बंद करतं. लोह पुरेसं झाल्याची वर्दी यकृताला देणाऱ्यांपैकी एक म्हणजे एचएफई. याच साखळीतली इतर जनुकंही बिघडू शकतात. हेप्सिडिनचं जनुक किंवा हीमोजुवेलिनचं जनुक बिघडलं, तर आजार तिशीच्या आतच हृदय गाठतो. ट्रान्सफेरिन रिसेप्टर-२ मधले बदल आधी सिसिलीच्या कुटुंबांत दिसले. पण हे सगळे प्रकार विरळ आहेत.

सी२८२वाय मात्र मुळीच विरळ नाही, पण जगाच्या एकाच कोपऱ्यात. १९९७ मध्ये ऑक्सफर्डच्या मेरीवेदर-क्लार्क आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या २,९७८ माणसांचे नमुने तपासले. आयर्लंड, ब्रिटनी, वेल्स, स्कँडिनेव्हिया इथे हा बदल सर्वाधिक. भूमध्य समुद्राकडे जाताना विरळ. आफ्रिका आणि आशियात जवळजवळ नाहीच. आयर्लंडमध्ये पाचांत एकाकडे त्याची किमान एक प्रत असते. एच६३डी मात्र युरोपात, मध्यपूर्वेत, उत्तर आफ्रिकेत आणि भारतीय उपखंडातही पसरलेला आहे.

आता सिमों यांच्या ए३ खुणेचं कोडं सुटलं. पत्ते पिसावेत तशी गुणसूत्रं दर पिढीत पिसली जातात आणि जुने शेजारी एकमेकांपासून दुरावतात. इथे ब्रिटनी, युटा आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांत सी२८२वायच्या आजूबाजूचा लांबलचक तुकडा अजून सारखाच होता, ए३ सकट. याचा अर्थ, हा बदल ए३ असलेल्या कुणा एका माणसात झाला आणि हे सारे त्याचे वंशज. जनुकाच्या शोधात सगळ्यांची दिशाभूल झाली तीही यामुळेच. तुकडा इतका अखंड होता की दूरची खूणही जवळची भासत होती. तो पूर्वज केल्ट असावा असं सिमों यांचं मत. सागरी व्हायकिंगांनी हा बदल किनाऱ्याकिनाऱ्याने पसरवला असं दुसरं मत.

निकाल पुरातत्त्वाने दिला. आयर्लंडच्या उत्तरेला रॅथलिन हे बेट आहे. २००६ मध्ये तिथल्या एका पबसाठी वाट मोकळी करताना कांस्ययुगातली थडगी लागली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या लारा कॅसिडी आणि डॅन ब्रॅडली यांच्या गटाने तिथल्या तीन पुरुषांचा डीएनए वाचला, आणि त्याबरोबर बेलफास्टजवळच्या बॅलिनाहॅटी इथल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकरी स्त्रीचाही. रॅथलिनच्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषात सी२८२वायची एक प्रत होती. बॅलिनाहॅटीच्या स्त्रीत एच६३डीची. व्हायकिंग आयर्लंडला पोहोचायला तेव्हा जवळपास तीन हजार वर्षं होती. हा बदल इतका फोफावला का, याबद्दल अटकळच करता येते. धान्यावर जगणाऱ्या, लोह कमी मिळणाऱ्या समाजात एक बिघडलेली प्रत असणाऱ्या बायकांना बाळंतपणांत तिचा आधार झाला असेल. ही कल्पना मला पटण्याजोगी वाटते, पण ती सिद्ध झालेली नाही.

जनुक मिळालं, चाचणी स्वस्त झाली. सगळ्यांची तपासणी करून टाकावी, असा सूर उठला. तेव्हा २००२ मध्ये अर्नेस्ट ब्यूटलर यांनी थंड पाणी ओतलं. सॅन दिएगोच्या आरोग्य केंद्रांतल्या ४१,०३८ लोकांत त्यांना दोन्ही प्रती बिघडलेले १५२ जण मिळाले, आणि आजाराचं जुनं, पुस्तकी चित्र त्यांतल्या फक्त एकात होतं. सदोष जनुक असलेल्यांपैकी एक टक्काही आजारी पडत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. अनेक डॉक्टर संतापले. माझ्या मते ब्यूटलर यांचा आकडा खरा होता, पण त्यांची कसोटी अपुरी होती. शेल्डन यांच्या काळातला शेवटच्या पायरीवरचा रुग्ण शोधला, तर तो थोड्यांतच सापडणार. २००८ मध्ये मेलबर्नच्या गटाने ३१,१९२ लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून लोहाशी निगडित आजार मोजले. दोन्ही प्रती बिघडलेल्या पुरुषांत ते २८.४ टक्क्यांना होते, स्त्रियांत १.२ टक्क्यांना. २०१९ मध्ये युके बायोबँकच्या ४,५१,२४३ लोकांत असे २,८९० जण निघाले, म्हणजे दर १५६ मागे एक. यकृताचे आजार, संधिवात आणि मधुमेह त्यांच्यातल्या पुरुषांत स्पष्टपणे जास्त होते. थकवा आणि हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या पेरांतलं दुखणं घेऊन वर्षानुवर्षं हिंडणाऱ्या माणसाला ‘तुला काही झालेलं नाही’ असं सांगणं म्हणजे त्याच्या आयुष्यातली इलाजाची वर्षं वाया घालवणं होतं, हे या आकड्यांनी पक्कं केलं.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. अमेरिका आणि कॅनडातल्या ९९,७११ लोकांच्या २००५ मधल्या अभ्यासात दोन्ही प्रतींत सी२८२वाय असणारे गोऱ्यांत ०.४४ टक्के होते. आशियाई वंशाच्या लोकांत तो अंदाज दहा लाखांत एकापेक्षाही कमी निघाला. भारतात एच६३डी आढळतो, पण एकट्याने तो क्वचितच कुणाला आजारी पाडतो. श्रीलंकेतल्या नमुन्यांत तर हे बदल युरोपहून वेगळ्या तुकड्यांवर दिसले, म्हणजे तिथे ते स्वतंत्रपणे उपजले असावेत. त्यामुळे आपल्याकडच्या लोहसाठ्याच्या रुग्णात सी२८२वायची चाचणी नकारार्थी आली, तर त्यावरून आनुवंशिक कारण नाही असं म्हणता येत नाही. हेप्सिडिन, हीमोजुवेलिन, फेरोपोर्टिन ही जनुकं पाहावी लागतात.

आणि आपल्या रुग्णालयांत लोहाने भरलेलं यकृत दिसतं ते बहुधा थॅलेसेमियाच्या मुलाचं. सिंधी, लोहाणा, कच्छी अशा समाजांत या आजाराचे वाहक बरेच असल्याने मुंबई-उल्हासनगरच्या डॉक्टरांना तो चांगला परिचयाचा आहे. या मुलांना रक्त चढवल्याशिवाय जगता येत नाही आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोन-अडीचशे मिलिग्रॅम लोह आत जातं. त्यांचं रक्त काढून टाकण्याचा मार्गच नाही. लोह बाहेर काढणारं जुनं औषध रात्रभर पंप लावून कातडीखाली द्यावं लागे, आणि ते महागही होतं. तोंडाने घ्यायच्या डेफेरिप्रोन या गोळीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मुंबईच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर तिला परवानगी देणारा पहिला देश भारत ठरला. युरोप-अमेरिकेत ती त्यानंतर पोहोचली.